सुकाणूवर कोण होता

मोरू तांडेलाचं घोरणं मिऱ्यावरच्या साऱ्या वाडीला ठाऊक होतं. बोटीवरचे खलाशी म्हणत, "तांडेल घोरतोय ना? मग दर्या शांत." चेष्टा खरी, पण तिच्यात विश्वासही होता. चौदाव्या वर्षी समुद्रावर गेलेला, सव्विसाव्या वर्षी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, झालेला माणूस. मिरकरवाडा बंदरापासून जयगडपर्यंत एकही खडक असा नव्हता जो मोरूला विचारल्याशिवाय वर डोकं काढील, असं लोक म्हणत.

त्या घोरण्यात मध्येच खंड पडे. आवाज एकदम बंद होई आणि थोड्या वेळाने बुडता माणूस वर यावा तसा मोरू धापा टाकी. त्याची बायको तुळसा त्या खंडात श्वास धरून बसे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तिला वाटे, दमलेला पुरुष असाच झोपतो.

दिवसा मात्र त्याचे डोळे जड असत. जाळं सांधताना सुई हातात तशीच राही. बीपीच्या गोळ्यांसाठी गेला तर दवाखान्याच्या बाकावरच तो घोरू लागला. २००७ चा पावसाळा होता, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या. डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन त्याला उठवलं आणि म्हणाले, "मोरूभाऊ, तुमची झोप तपासायला हवी."

"झोप कसली तपासतात?" तुळसा हसली. "इतका झोपनारा मानूस आख्ख्या रत्नांग्रीत नाय गावायचा."

महिन्यातून एकदा कोल्हापूरहून एक मुलगी यंत्र घेऊन शहरातल्या एका खाजगी इस्पितळात येई. मनिषा तिचं नाव. संध्याकाळी तिने मोरूच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, बोटाला चिमटा लावला, नाकाखाली एक बारीक नळी अडकवली.

"काका, आता बिनधास्त झोपा."

"जाळ्यात गावलेला मासा झोपतो काय?" मोरू म्हणाला.

ती हसली आणि कागदावरचे प्रश्न विचारू लागली. दारू? नाही. तंबाखू? थोडी. "काम करताना कधी डोळा लागलाय? गाडी, बोट चालवताना?"

मोरूने भिंतीकडे पाहिलं. "नाय," तो म्हणाला.

हे उत्तर खोटं होतं, आणि पाच वर्षं जुनं होतं.

२००२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बोट मासळी भरून परतत होती. रात्रभर जाळी ओढलेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे खलाशी खाली झोपले होते आणि सुकाणू तांडेलाकडे होतं. जागा होता तो एक दादू, मोरूच्या चुलतभावाचा मुलगा, तेवीस वर्षांचा. दुपारचे दोन. ऊन लख्ख, वारा नाही. दादूने चहा आणून मोरूच्या हाताशी ठेवला आणि तो पुढे नाळीवर, बोटीच्या टोकावर, जाऊन बसला. मोरूला एवढंच आठवत होतं की किल्ल्यावरचा दीपस्तंभ समोर होता. मग एकदम खडक होता. मध्ये काहीच नव्हतं. त्या धडकेने दादू नाळीवरून उडाला तो बोट आणि खडक यांच्या मध्ये पडला आणि तिथेच गेला.

बंदरावर मालक गनीशेठने पहिला प्रश्न विचारला, "सुकाणूवर कोण होता?"

मोरूने तोंड उघडलंच होतं. पण खाली झोपलेला चिमा खलाशी त्याच्या आधी बोलला, "दादूच असंल. तांडेल काय भर दुपारी खडकावर घालतोय?"

मोरूचं तोंड तसंच मिटलं. तो खोटं एक शब्दही बोलला नाही. फक्त गप्प राहिला.

बोट दुरुस्त झाली. दादूचं नाव मात्र फुटलं ते फुटलंच. त्या वाडीत रिवाज असा की नारळी पौर्णिमेला खलाशांच्या घरातल्या बायका आपापला नारळ बोटीवर देतात आणि तांडेल तो हातात घेऊन कपाळाला लावतो. ज्याच्या हातून बोट फुटली त्याच्या घरचा नारळ घेत नाहीत. दादूची आई सत्यवती तरीही दर वर्षी नारळ घेऊन येई, लांब उभी राही, बोटी खडकापलीकडे गेल्या की नारळ पदराआड धरून परत जाई. जाताना मोरूला म्हणे, "भावजी, पोर कच्चा होता. तुमची बोट फोडलीन. मनात ठेवू नका." आणि मोरू मान हलवी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद दाखवला. मासळी शोधायच्या यंत्रावर तळ दिसतो तशा रेघा होत्या. "तुमचा श्वास तासाला एकसष्ट वेळा अडतो. एकदा तर अठ्ठेचाळीस सेकंद. रात्रभर मेंदू तुम्हाला उठवतच असतो, म्हणून झोप अशी होतच नाही. असा माणूस भर दुपारी काम करता करता झोपू शकतो, आणि त्याला ते कळतही नाही."

"आनि त्याचा दोष?" मोरूने विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न नीट कळला नाही. "हा आजार आहे, दोष कसला? मशीन नीट वापरलंत तर सुकाणूही धरता येईल."

मशीन भाड्याने घरी आलं. खोक्यातून हवा, हवेची नळी, नळीला नाकावरचा मुखवटा. पहिल्या रात्री तुळसा म्हणाली, "गणपती यायला दोन महिने हायत, सोंड आदीच आली." मिशीच्या फटीतून हवा सुटे आणि शिट्टी वाजे. मोरूने मिशी काढली. नाक कोरडं पडे, झोपेत तो मुखवटा ओढून फेकी. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की हवा बंद पडे आणि तो घाबरून उठे. शेवटी वायरमनने बोटीची बॅटरी घरी आणून इन्व्हर्टर जोडून दिला.

खरी पंचाईत तुळसाची झाली. घोरणं थांबलं आणि तिची झोप उडाली. "अवो, तुमी बोटीवर गेलाव की घर असाच गप होता," ती म्हणाली. "मी उठून हात लावून बघते, हायत का."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मोरू जागा झाला आणि त्याला डोकं हलकं लागलं. कित्येक वर्षांनी. अंगणातल्या माडाची झावळ न् झावळ वेगळी दिसत होती. तुळसाने आनंदाने चहा आणून त्याच्या हाताशी ठेवला. त्या कपाकडे पाहता पाहता मोरू रडू लागला. इतकी वर्षं ती दुपार धुक्यात होती. आता ती लख्ख दिसत होती.

तसाच उठून तो सत्यवतीकडे गेला. ती ओटीवर सुकी मासळी निवडत होती.

"वयनी, सुकाणू माज्या हातात होता. दादू नाळीवर होता. माजा डोळा लागला." मग त्याने आजाराचं सांगितलं, एकसष्ट वेळांचं, रेघांचं.

सत्यवतीचा हात थांबला. तिने हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे तो नुसता बसला होता, सुकाणूला हात नाय लावलान?"

"मला चाय दिलान आनि बसला."

"पाच वरसं मी त्याच्या फोटोला बोल लावते हाय. दिवा लावते नि बोल लावते." तिने मोरूकडे पाहिलं. "झोपेचा आजार होता, ता खरा. जिभेला काय झाला होता, भावजी?"



नारळी पौर्णिमेला बंदरावर बोटी पताका लावून उभ्या होत्या. मोरू गनीशेठसमोर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने सांगितलं. चिमा हसायला गेला, "तांडेलाच्या डोक्यात मशीनची हवा शिरली," पण कुणीच हसलं नाही.

"सनाच्या दिवशी काय बोलतोस ह्या?" गनीशेठ म्हणाला.

"त्या दिवशी बोलायचा होता, शेठ. सुकाणू आता चिमाला दे."

गनीशेठने समुद्राकडे तोंड फिरवलं.  चिमा खाली मान घालून बोटीवर चढला.

सत्यवती लांब उभी होती, ती पुढे आली. मोरूने सवयीने दोन्ही हात पुढे केले. ती त्या हातांपलीकडे वाकली आणि तिने नारळ चिमाकडे दिला. चिमाने तो कपाळाला लावला, बराच वेळ तसाच धरून ठेवला.

बोटी सुटल्या. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मोरू बायकांबरोबर धक्क्यावर राहिला. तुळसा त्याच्या जवळ होती, सत्यवती चार हात पलीकडे. ऊन लख्ख होतं. एकेक बोट किल्ल्याच्या टोकाकडे वळत होती.

सत्यवतीला अलीकडे लांबचं नीट दिसत नसे. तिने मान न वळवता विचारलं, "खडक टळला काय?"

मोरू बघत होता. त्याने डोळ्याची पापणीही मिटू दिली नव्हती.

"टळला," तो म्हणाला.