मिशीवरचा चष्मा

ऑफिसात सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे, आणि तेही तोंडावर, त्यामुळे राग मानायचा प्रश्नच नव्हता. बावीस वर्षं तिने घरांचे नकाशे काढले होते. मोठ्ठं तिरकं टेबल, टोकदार पेन्सिल, आणि कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेली एकेक भिंत. स्वयंपाकघर कोपऱ्यापासून इतकं, मोरी कोपऱ्यापासून तितकी. चूक म्हणून नाही. घरी साधा फोटो टांगायचा तर नवरा तीनदा शिडीवरून खाली उतरायचा आणि चौथ्यांदा नुसताच शिडीवर बसून राहायचा.

मग ते नकाशांचं ऑफिस बंद पडलं. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. बाईसाहेब सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लासला गेल्या आणि वेबसाइटची पानं मांडायला शिकल्या. बसायच्या पहिल्या बाकावर, आणि प्रश्न इतके विचारायच्या की सर चहाच्या सुट्टीत मागच्या दाराने सटकायचे.

नोकरी लागली ती चार टेबलांच्या एका छोट्या ऑफिसात. तीन महिने काम बघणार, मग कायम करायचं का ते ठरवणार. तिथल्या मॅडम वयाने तिच्या भाचीएवढ्या, पण बोलणं मोजून मापून. त्यांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं, "ताई, चष्म्याच्या दुकानाचं पान शुक्रवारी इंटरनेटवर चढतंय. ते नीट गेलं की तुम्ही कायम. नाहीतर मला दुसरं कोणी शोधावं लागेल."

पान मोठं मजेशीर होतं. मधोमध एका माणसाचा चेहरा, खाली चोवीस चष्मे. ज्या चष्म्यावर बोट ठेवाल तो चेहऱ्यावर जाऊन बसणार. आणि चेहरा कोणाचा, तर दुकानाच्या मालकांच्या वडिलांचा. रुंद नाक, झुपकेदार मिशी, आणि नजर अशी की फोटोतूनसुद्धा विचारतील, चपला कुठे काढल्यास? वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, पण चष्मेवाल्यांचा हट्टच होता. "दुकानात पहिला चष्मा बाबांनी घातला. पानावरही तेच घालणार."

फूटपट्टीने आठवडाभर खपून चोवीसच्या चोवीस चष्मे पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजून बसवले. आकडे वहीत लिहिले, वहीतून पानात उतरवले. तिच्या रुंद स्क्रीनवर बाबा काय रुबाबदार दिसत होते!

शुक्रवारी दहाला पान चढलं. तिने लगेच नवऱ्याला पाठवलं. दोन मिनिटांत फोन.

"अगं, बघितलं. छान झालंय."

"छान म्हणजे किती?"

"खूपच. एक विचारू? चिडणार नाहीस ना?"

"अहो, ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

"त्या गृहस्थांनी चष्मा मिशीला का लावलाय?"

फूटपट्टीने स्वतःचा फोन उघडला. खरंच. चष्मा मिशीवर, तोही उजवीकडे कलंडलेला. शेजारच्या मुलीचा फोन आणखी छोटा, त्यावर चष्मा थेट शर्टाच्या कॉलरवर. फोन जितका लहान तितके बाबा आक्रसायचे, आणि चष्मा मात्र कोपऱ्यापासून मोजलेल्या जागी ठाण मांडून बसायचा. दिलेली जागा सोडेल तर शपथ!

 तिचा हात मापाकडेच गेला. या फोनसाठी वेगळे आकडे, त्या फोनसाठी वेगळे. वहीचं नवीन पान काढून तिने रकाने आखायला घेतले. शेजारची मुलगी एका कानातला इअरफोन काढून म्हणाली, "ताई, जगात फोन किती प्रकारचे आहेत माहितीये का?"

"किती?"

"तुमच्या वहीत मावणार नाहीत एवढे."

आणि चष्मेवाले बाराला येतो म्हणाले होते, ते अकरालाच दारात. वाटेत त्यांनी पान बघितलेलं होतं, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. मॅडम खुर्चीतून उठल्या.

"कुठे आहेत त्या बाई? माझ्या बाबांच्या मिशीला चष्मा लावणाऱ्या?"

फूटपट्टी उभी राहिली. खोटं बोलायला सुचलंच नाही तिला. "मीच. माप बरोबर आहे हो, पण..."

"कुठून घेतलंत माप?"

"पानाच्या कोपऱ्यापासून."

"कोपऱ्यापासून?" चष्मेवाले असे ओरडले की शेजारच्या मुलीने दुसऱ्या कानातलाही काढला. "बाई, गिऱ्हाईक माझ्यासमोर बसतं, तेव्हा मी त्याचे डोळे दुकानाच्या भिंतीपासून मोजतो का? ते जरा हललं की माझं माप गेलं चुलीत! काढा तुमचा चष्मा."

"आता?"

"आत्ता!"

तिने काढला. त्यांनी खिशातून बोटाएवढी पट्टी काढून तिच्या नाकावर टेकवली. "हलू नका. ही नाकाची मधली रेघ. इथून उजवा डोळा एकतीस मिलिमीटर. इथून डावा तेहतीस. दोन्ही सारखे नसतात, बघितलंत? आता तुम्ही उठा, बसा, हवं तर गाडीच्या टपावर जाऊन बसा. माप बदलतं का? चष्म्याचा संबंध नाकाशी. खोलीशी काय देणंघेणं?"

चष्म्याशिवाय फूटपट्टीला समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. पण ती नाकावर पट्टी घेऊन तशीच थांबली होती.

"परत सांगा."

"काय परत सांगा?"

"नाकाचं."

मग ती खाली बसली आणि कामाला लागली. आधी बाबांच्या फोटोभोवती त्यांच्याच मापाची एक चौकट घातली. मग चष्म्याला बजावलं, आता पानाकडे बघायचं नाही, चौकटीत राहायचं. डावीकडून बरोब्बर निम्म्यावर, वरून उंचीच्या शंभर भागांतल्या अडतिसाव्या भागावर. रुंदीसुद्धा चौकटीच्या हिशोबाने, म्हणजे बाबा लहान तर चष्माही लहान. बटण दाबलं. चष्मा उडाला तो थेट दुकानाच्या नावावर जाऊन बसला!

मॅडमनी डोळे मिटले. चष्मेवाले म्हणाले, "आता दुकानालाही दिसत नाही का?"

"थांबा हो जरा," फूटपट्टी म्हणाली, आणि क्लायंटला हे आपण बोललो याची तिची तिलाच भीती वाटली. चष्म्याला सांगितलं होतं, चौकटीला सांगायचं राहिलं होतं. यजमानाला पत्ता नाही आणि पाहुणा दारात, अशातली गत. चौकटीला एका ओळीत कळवलं, आतल्या वस्तूचं माप आता तुझ्यापासून. चष्मा मुकाट्याने चेहऱ्यावर आला. पण डाव्या कडेने नाक गाठलं होतं, एक डोळा उघडाच. मग त्याला त्याच्याच रुंदीच्या निम्म्याने डावीकडे सरकवलं.

बसला. नाकावर, दोन्ही डोळ्यांवर.

शेजारच्या मुलीच्या छोट्या फोनवर बघितलं, बसलेला. मॅडमच्या टॅबवर, बसलेला. चष्मेवाल्यांनी आपला फोन आडवा केला, उभा केला, परत आडवा केला. बाबा लहान झाले, मोठे झाले, चष्मा तसूभर ढळला नाही. आणि चोवीस चष्म्यांना मिळून तेवढ्याच चार ओळी पुरल्या. आठवडाभराचे आकडे बाद झाले, तरी फूटपट्टीला इतकं हलकं वाटत होतं की कोणी फुंकर मारली असती तर खिडकीतून बाहेर गेली असती.

 चष्मेवाले फोनवरची नजर न काढता म्हणाले, "बाबांना मिशीचा अभिमान होता, ताई. पण इतकाही नव्हता."

 आधी मॅडमच फसकन हसल्या, आणि मग चौघंही.

"आईला अजून दाखवलं नव्हतं, नशीब तुमचं," असं म्हणत चष्मेवाल्यांनी पान आईला पाठवलं. पाच मिनिटांत आईचा फोन. आवाज असा खणखणीत की सगळ्या ऑफिसला ऐकू जावा. "अरे, हा सातवा चष्मा काय शोभतोय त्यांना! चाळीस वर्षं सांगत होते, चौकोनी घाला, चौकोनी घाला. ऐकतील तर ना! आता कसे गप बसलेत घालून!"

"पान आवडलं का तुला?"

"पानाचं मला काय कळतं? ठेव फोन, मला अजून सतरा घालून बघायचेत."

चष्मेवाले गेल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधून पाकीट काढून फूटपट्टीच्या टेबलावर ठेवलं. कायम केल्याचं पत्र आधीच तयार होतं, फक्त सही राहिली होती. मॅडमनी तिच्यासमोर सही केली. फूटपट्टीने पत्र उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग तोंड धुवायला गेली. रडली नाही म्हणे. पाच मिनिटं लागली खरी तोंड धुवायला.

बाहेर येऊन तिने पर्स खांद्याला लावली. "मॅडम, कायमच्या माणसाला अर्धा दिवस सुट्टी मिळते ना?"

"मिळते. का हो, काही काम आहे?"

"काहीही नाही," फूटपट्टी म्हणाली, आणि भर दुपारी जिना उतरून गेली.