अजून एक बघूया

शाळेतली मुलं भाऊजींना पाठीमागे 'अजून-एक सर' म्हणायची. ते सर नव्हते, संगणकाच्या प्रयोगशाळेची देखभाल करायचे. पण नाव मात्र त्यांना अगदी चपखल बसलं होतं. कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की दुकानदाराचे हात दुखेपर्यंत ते बघत राहायचे. ताईशी लग्न ठरवतानाच तेवढी त्यांनी घाई केली. आमच्या घरात आजही हा विनोद चालतो, म्हणजे परवापर्यंत चालायचा.

प्रयोगशाळेतले वीस संगणक म्हातारे झाले होते. नवीन विंडोज त्यांना पेलवत नव्हतं, आणि शाळा ते भंगारात काढायला निघाली होती. भाऊजींनी त्यांच्यावर लिनक्स घातलं आणि सगळे पुन्हा धावायला लागले. हे लिनक्स फुकट मिळतं, आणि ते एकच नसतं. इंजिन तेच, पण प्रत्येकाने आपापली गाडी बांधलेली: उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आणखी कितीतरी. या गाड्यांना डिस्ट्रो म्हणतात. भाऊजींसारख्या माणसाच्या हाती असं दुकान लागलं, की जिथे माल संपतच नाही आणि दुकानदार कधी वैतागत नाही. आठवड्यातून दोनदा ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन कुठली डिस्ट्रो साध्या माणसासाठी बरी यावर मला व्याख्यान द्यायचे. मी मान डोलवायची आणि पानं मोजायची.

ताई टायपिस्ट. बावीस वर्षं ती घरी बसून लोकांचे प्रबंध, अर्ज, कथा, पत्रिका टाइप करते. माझ्याकडे येणारं हस्तलिखित मी तिच्याकडे पाठवते, ती टाइप करून देते, मी छापून बांधते. बावीस वर्षांत तिचं एक पान परत आलेलं मला आठवत नाही. ती कीबोर्डकडे बघतसुद्धा नाही. तिची बोटं चालत असताना ती खिडकीबाहेर बघत गप्पा मारायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

मग ती दाराच्या चौकटींना धडकायला लागली. पाणी पेल्याच्या बाहेर ओतायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांना कुठवर दिसतं त्याचा नकाशा काढला, त्यात कडेकडेने काळं होतं आणि मधे एक पांढरं गोल उरलं होतं. ते गोल लहान होत जाणार, वर्ष-दीड वर्षात मिटणार, आणि त्यावर औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. ताईने फक्त एक प्रश्न विचारला, टाइप करता येईल का.

त्याचं उत्तर भाऊजींनी दिलं. लिनक्समध्ये ऑर्का नावाचा प्रोग्राम असतो, पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. दिसतंय तोवर ताईने सगळं पाठ करायचं: कुठलं बटण दाबलं की काय उघडतं, किती वेळा खाली गेलं की आजच्या कामाचं फोल्डर येतं. मग दिवा गेला तरी घर ओळखीचं राहील. मला ते ऐकून रडू आलं होतं. इतका शहाणा विचार आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

पहिली डिस्ट्रो त्यांनी एका रविवारी घातली. टाइप करताना ताईला मराठी आणि इंग्रजी अदलाबदल करावी लागते, आणि कुठली भाषा चालू आहे हे कोपऱ्यातल्या चिमुकल्या अक्षरांवरून कळतं. ती अक्षरं तिला आताच दिसेनाशी झाली होती. भाऊजींनी खटपट करून अशी सोय केली, की बदलायचं बटण दाबलं की ऑर्कातली बाई 'मराठी' किंवा 'इंग्रजी' म्हणायची. बाईचे उच्चार परक्या पाहुण्यासारखे होते, पण ताईला तेवढं पुरे होतं. महिन्याभरात तिने डोळ्यांवर ओढणी बांधून एक ऐंशी पानांचा प्रबंध टाइप केला. मी तो बांधला. त्यात एक चूक नव्हती.

तिथे थांबायला हवं होतं.

पण आवाज जरा घोगरा आहे, असं भाऊजींना वाटलं. स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दारावर त्यांनी एक मोठा तक्ता चिकटवला. डाव्या बाजूला डिस्ट्रोंची नावं, वर रकाने: आवाज, मोठी अक्षरं, छपाई, अपडेट, रुसवे. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिलीला पन्नासपैकी एकतीस मिळाले. दर तिसऱ्या रविवारी नवीन ओळ भरायची, म्हणजे दर तिसऱ्या रविवारी ताईचा संगणक पुसून त्यावर नवीन डिस्ट्रो बसायची. एकीत मेनू खालून उघडायचा, दुसरीत पट्टी डावीकडे उभी, तिसरीत वर. भाषा बदलायचं बटण प्रत्येकीत वेगळं. ताई मुकाट्याने नवीन पाठ करायची. एकदा दुपारी मी गेले तर ती नुसत्या टेबलावर बोटं दाबत बसली होती, कीबोर्ड समोर नव्हता. "उजळणी करतेय," ती म्हणाली. "आजची कुठली ते आठवत नाहीये."

त्याच कपाटावर डॉक्टरांचे नकाशेही लावलेले असायचे, तारीखवार. चौथ्यात पांढरं गोल बटणाएवढं होतं. त्या दिवशी मी भाऊजींचे कान उपटले. आता बास करा म्हटलं, तिला नववी नकोय, तिला एक हवीय. ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "अगं, हिला उरलेल्या जन्मभर हेच वापरायचंय. मग समोर येईल ती कशी घेऊ? अजून एक बघूया."

खरं कारण मला फार उशिरा कळलं. तक्ता पूर्ण होणं म्हणजे तो दिवस आला हे मान्य करणं, आणि ते त्या माणसाच्याने होत नव्हतं. रकाने भरायचे उरले आहेत तोवर ताईला दिसतंय, असा त्यांनी मनाशी हिशेब बांधला होता. तो चुकीचा होता आणि प्रेमाचा होता, आणि मला आजही त्याचा राग येतो.

डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं, पण अकराव्या महिन्यातच गोल मिटलं. एका सकाळी ताईने दिवा लावायला सांगितलं, आणि तो लागलेलाच होता. संगणकावर त्या आठवड्यात नववी होती, पन्नासपैकी सत्तेचाळीस. आवाज खरोखर गोड होता.

आठ दिवसांनी ताईने एका लेखकाच्या पुस्तकाचा एक भाग टाइप करून पाठवला. चौदा पानं. मी न बघता छापायला लावली आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. पानं उचलली तर त्यांवर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरांची नुसती रास, मधे स्वल्पविराम, मधे कंस, चौदा पानं ओळीने. टाइप करताना बाईची कटकट नको म्हणून ताईने आवाज बंद ठेवला होता, आणि भाषा बदलायला तिने दाबलेलं बटण पाचव्या डिस्ट्रोचं होतं. नववीत त्या बटणाने काहीच होत नव्हतं. सबंध दिवस ती तशीच टाइप करत राहिली होती.

मी पानं घेऊन गेले. खोटं बोलायचं ठरवून गेले होते, पण ताईने कागदांची चळत हातात घेतली आणि विचारलं, "परत का आणलीस?" मग सांगावंच लागलं. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते.

ताई रडली नाही. कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "अहो, मला नऊ घरं पाठ आहेत. पण मी कुठल्या घरात उभी आहे तेच कळत नाही."

त्याच दुपारी भाऊजींनी पहिली डिस्ट्रो परत बसवली. बटण दाबलं की घोगरी बाई 'मराठी' म्हणायला लागली. तीसुद्धा ताईला पुन्हा मुळापासून शिकावी लागली, बोटांत सगळीच भेसळ झाली होती. तीन आठवडे लागले. मग एके दिवशी तिने ती चौदा पानं नव्याने पाठवली, बिनचूक. मी ती घेऊन गेले तेव्हा तिने भाऊजींना समोर बसवलं.

"आता याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पूर्वी तुम्ही काय बदललंत ते मला दिसायचं तरी. आता तुम्ही घर बदललंत, तर मला पडल्यावर कळेल."

त्यांनी शब्द दिला. ताईने हात पुढे केला. नवीन डिस्ट्रो ज्यावरून घालतात तो पेन ड्राइव्ह त्यांनी खिशातून काढून तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो मुठीत धरला, आणि किती दिवसांनी हसली.

भाऊजींच्या शर्टाच्या खिशात दुसरा पेन ड्राइव्ह होता, निळ्या टोपणाचा. कापड पातळ होतं, मला स्वच्छ दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस पार खचलेला होता, तोंड बारकं झालं होतं, आणि मला वाटलं, जवळ ठेवल्याने काय होतंय. मी मूग गिळून बसले. त्या खोलीत तो बघू शकेल असं दुसरं माणूस मीच होते.

तेव्हापासून ताई रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळी मला फोन करायची. संगणक लावायची, बदलायचं बटण दाबायची, बाईचं ऐकायची आणि मला सांगायची, "तीच आहे." एवढंच बोलून ठेवून द्यायची. आम्ही त्यावर हसायचो. सव्वा महिना रोज तीच होती.

काल दुपारी तिची तपासणी होती. आजवर प्रत्येक तपासणीला भाऊजी बरोबर आले आहेत. काल म्हणाले, शाळेत काम निघालंय, तू घेऊन जा. रिक्षात बसल्यावर मला आठवलं की शाळेला सुट्टी आहे. मागे फिरावंसं वाटलं, पण डॉक्टरांची वेळ चुकली असती. परत आलो तेव्हा ते घरीच होते, फार मायेने बोलत होते, आणि कपाटावरच्या तक्त्यात तळाशी एक नवीन ओळ होती. पन्नासपैकी एकोणपन्नास. पेनाची शाई अजून ओली दिसत होती. ताईला चहा हवा होता, भाऊजी समोर होते, आणि मी सकाळी बोलू म्हणून घरी आले.

आज ताईचा फोन वेळेवर आला. बटणाचा टकटक आवाज तेवढा येत होता, एकदा, दोनदा, मग पुन्हा.

"मराठी म्हणत नाहीये गं," ती म्हणाली. "तू काल इथे होतीस ना, तुला काही दिसलं का?"