फाइके हूकेमाची डावी बाजू

बोल्सवार्डमध्ये पुलापासून चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाइके हूकेमाचं केस कापायचं दुकान होतं. होतं म्हणजे अजूनही होतं, पण जानेवारीपासून त्याचा पडदा ओढलेला होता, आणि त्या पडद्यावरून फाइकेचं सगळ्या जगाशी भांडण चाललं होतं.

भांडण हा तसा फाइकेचा जोडधंदाच. समोरच्याच्या गळ्याशी वस्तरा असला की तो वाद घालत नाही, हे त्याने तरुणपणीच हेरलं होतं. त्यामुळे बंधारे, पेन्शन, जर्मन पर्यटक आणि पाद्रीबाईंचं प्रवचन या सर्व विषयांवर गावाचं एकमत होतं, आणि ते फाइकेचं मत होतं. जानेवारीत एका गिऱ्हाइकाची मिशी सारखी करता करता तो खाली कोसळला. लेउवार्डनच्या इस्पितळातून परत आला तो चालत आला आणि बोलत आला. विशेषतः बोलत आला. बायकोला, बाउक्येला, मनातून वाटलं होतं की मेंदूला झटका आलाच आहे तर जीभ थोडी तरी मवाळ होईल. जिभेला धक्काही लागला नव्हता.

"हात चालतात, पाय चालतात, डोळ्यांना चष्मा नाही," फाइके रोज सकाळी म्हणायचा. "मग माझं दुकान बंद का?"

"डॉक्टर म्हणालेत म्हणून."

"डॉक्टरचे केस बघितलेस? त्या माणसाला स्वतःची बट सांभाळता येत नाही."

पण घरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या होत्या. फाइके ताटातलं उजवीकडचं सगळं चाटूनपुसून खायचा आणि मग सुरी खाली ठेवून म्हणायचा, "बाउक्ये, आपल्यावर अशी वेळ आली का? दोन बटाट्यांवर माणूस जगतो?" बाउक्ये ताट फिरवायची. डावीकडचे बटाटे, गाजरं आणि मीटबॉल उजवीकडे यायचे. फाइके ते खायचा, पण संशयाने. बायको आधी जेवण लपवते आणि मग उपकार केल्यासारखं काढून देते, अशी त्याची खात्री पटत चालली होती. दाढी करायचा ती उजव्या गालाची. डाव्या गालावर खुंट वाढायचे आणि त्यांबद्दल बोललं की तो नवा आरसा आणा म्हणायचा. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला रोज आदळायची. घर खचतंय, पाया तपासून घ्या, असं त्याने नगरपालिकेला फोन करून कळवलंसुद्धा.

दर गुरुवारी त्याला न्यिन्केकडे जावं लागे. न्यिन्के ही पुनर्वसन केंद्रातली चाचण्या घेणारी बाई. शांत, उंच, आणि फाइकेच्या मते केसांना अजिबात न शोभणारा भांग पाडणारी. तिने त्याला घड्याळ काढायला सांगितलं. फाइकेने गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे उजवीकडे झोकात मांडले.

"आणि बाकीचे?" न्यिन्केने विचारलं.

"कागद लहान आहे तुमचा."

मग तिने प्लास्टिकचा मेंदू टेबलावर ठेवला. निळ्या, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांचा.

"ही मेंदूवरची सुरकुतलेली साल," ती म्हणाली. "आपल्या जमिनीसारखीच. एकेक पोल्डर, बंधारा घालून पंपाने कोरडा ठेवलेला तुकडा, प्रत्येकाचं काम वेगळं. हा मागचा, इथे दिसतं. कानाजवळच्या या भागात ऐकलेल्याचा अर्थ लागतो. डावीकडे पुढे हा भाग, याच्यामुळे बोलता येतं."

"तो उत्तम आहे," बाउक्ये म्हणाली. "ते सगळ्या वॉर्डला माहीत आहे."

"माथ्यावरून ही जी पट्टी जाते, ती हातपाय हलवते. तिच्यामागची पट्टी स्पर्श ओळखते. आणि हे अगदी पुढचं, कपाळामागचं. धीर धरणं, बोलण्याआधी विचार करणं."

"तिथला पंप लग्नाच्या आधीपासून बंद आहे," बाउक्ये म्हणाली.

"मागे, वर, उजवीकडे हा तुकडा." न्यिन्केने हिरव्या भागावर बोट ठेवलं. "जगाला डावी बाजूही आहे, हे तुम्हाला हा सांगतो. तुमचे डोळे ठीक आहेत. पण डावीकडे लक्ष द्या असं सांगणारा पोल्डर पाण्याखाली गेलाय. आणि त्याची गंमत अशी की काही बघायचं राहिलंय, हेही माणसाला कळत नाही."

"म्हणजे मला काही झालंय याचा पुरावा काय, तर मला काही झालंय असं मला वाटत नाही," फाइके म्हणाला. "वा. या न्यायाने तर पाद्रीबाईसुद्धा आजारी आहेत."

न्यिन्केने वाद घातला नाही. तिने त्याला डोळे मिटायला लावले. पुलावर उभे आहात, तोंड चर्चकडे आहे, रस्त्यावरची दुकानं सांगा. फाइकेने धडाधड सांगितली: चीजवाला, सायकलवाला, बँक, औषधांचं दुकान. आता चर्चपाशी उभे राहा, तोंड पुलाकडे करा. फाइकेने सांगितलं: मासळीवाला, चपलांचं दुकान, हूकेमाचं दुकान, बेकरी.

"पुलावरून येताना तुमचं स्वतःचं दुकान राहिलं," न्यिन्के हळूच म्हणाली.

 फाइके म्हणाला, "स्वतःच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक म्हणून जातं का? कशाला मोजायचं?"

घरी येताना गाडीत बाउक्येने विषय काढला. स्नेक गावातली गेर्ब्रिख नावाची अनुभवी बाई दुकान चालवायला घ्यायला तयार होती. तिला महिनाअखेर उत्तर हवं होतं.

"बाईमाणूस माझ्या खुर्चीत?"

"खुर्चीत गिऱ्हाईक बसेल. ती मागे उभी राहील. तू काय चाळीस वर्षं खुर्चीत बसत होतास?"

फाइकेने खिडकीकडे तोंड केलं. उजव्या.

या सगळ्यात बाउक्येच्या बहिणीचा, इम्क्येचा, वाढदिवस आला. भिंतीला टेकून गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, मध्ये कोणी नाही, आणि गुलाबी आयसिंगच्या केकचा प्रत्येकी एक तुकडा. वाढदिवस एकीचा, पण रीतीप्रमाणे अभिनंदन सगळ्यांचं: आत आलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा. बहिणीबद्दल अभिनंदन, मावशीबद्दल अभिनंदन, शेजारणीबद्दल अभिनंदन. एकालाही वगळायचं नाही. भेट विसरली तर चालतं, खुर्ची विसरली तर चालत नाही.

फाइके दारातून आत आला, समोर बसलेल्या आत्याबाईंपासून सुरुवात केली, उजवीकडे सरकत सरकत सर्वांचे हात जोरात हलवले, आणि शेवटच्या रिकाम्या खुर्चीत बसून म्हणाला, "यंदा माणसं कमी आली."

खोलीच्या डाव्या भिंतीला लागून सहा माणसं हात पुढे करून थांबली होती. त्यांत हिल्के होता. इम्क्येचा नवरा, म्हणजे फाइकेचा साडू. ज्या बाईचा वाढदिवस, तिच्याच नवऱ्याला वगळणं हे बोल्सवार्डमध्ये कोणी ऐकलं नव्हतं. हिल्केने हात हळूहळू मागे घेतला आणि केकची बशी मांडीवर ठेवली. त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही, म्हणजे नेहमीपेक्षा दोनच अक्षरं कमी.

शनिवारी तो फाइकेच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. टोपी काढली. केस मानेवर आले होते. जानेवारीपासून त्याने दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता.

"बाउक्ये म्हणते तू आजारी आहेस," हिल्के म्हणाला. "तू म्हणतोस ठणठणीत आहेस. ठणठणीत असशील तर माझ्या घरात माझा अपमान मुद्दाम केलास. आणि आजारी असशील तर दुकान त्या स्नेकच्या बाईला दे. दोन्ही एकदम चालणार नाही."

"तू तिथे नव्हतास."

"मी माझ्याच घरात होतो, फाइके. माझ्याच खुर्चीत."

फाइकेचा चेहरा लाल झाला. त्याने खणातून कात्री आणि कंगवा काढला. "बस खाली. ठणठणीत माणूस केस कसे कापतो ते दाखवतो. मग बघू कोण कुठे होतं."

बाउक्येने काही बोलायला तोंड उघडलं, पण हिल्केने मान हलवून तिला गप्प केलं. टॉवेल गळ्याभोवती गेला. फाइकेची कात्री चालायला लागली आणि तिच्याबरोबर जीभही. कित्येक महिन्यांत बाउक्येने त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. बंधाऱ्यांची दुरुस्ती, पेन्शन, सगळं निघालं. उजव्या कानावरची रेषा इतकी सुरेख आली की हिल्केचा कान प्रथमच कामाचा दिसू लागला.

"झालं," फाइके म्हणाला. "बोल आता. आजारी माणसाचं काम आहे का हे?"

हिल्के टॉवेल न काढता तसाच बसून राहिला. बाउक्ये सिंकपाशी उभी होती.

फाइकेने मानेवरचे केस झटकायला उजवा हात फिरवला. हात मानेवरून पलीकडे गेला आणि थांबला. तिथे दाट, लांब, कात्री न लागलेले केस होते. बोटं पुन्हा मागे आली, कापलेल्या भागावर, मग पुन्हा पलीकडे. चाळीस वर्षांत या बोटांनी त्याला एकदाही फसवलं नव्हतं. डॉक्टरांवर, न्यिन्केवर, ताटावर, दारावर, सगळ्यांवर त्याला संशय घेता आला होता. पण या खोलीत कात्री एकाच माणसाच्या हातात होती.

"हे कोणी ठेवलं?" तो पुटपुटला.  

 मग त्याने मान डावीकडे वळवली, घट्ट झालेलं झाकण उघडावं तशी, थोडी, अजून थोडी. आधी साडूचा कान दिसला, मग झिपऱ्या, मग त्यापलीकडची खिडकी.

"चांगलाच वेळ लागणार," तो चिडून म्हणाला. "प्रत्येक बटेला मान वळवायची म्हणजे."

"मला कुठे जायचंय," हिल्के म्हणाला. "पण कानाला जप. तो मी पहिल्यापासून वापरतोय."

फाइके कापत राहिला. एक बट, मान, दुसरी बट, मान. प्रत्येक वेळी नजर आपोआप उजवीकडे घसरायची आणि तो स्वतःला शिवी हासडून तिला परत ओढून आणायचा. बंधाऱ्यांबद्दल एक शब्द निघाला नाही. संपवलं तेव्हा शर्ट घामाने भिजला होता आणि डाव्या कानावरची रेषा वाकडी होती. ती वाकडी आहे हे त्याला दिसलं, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"बाउक्ये," कात्री पुसत तो म्हणाला, "त्या गेर्ब्रिखला फोन कर. सोमवारी ये म्हणावं. पण दुसरी खुर्ची माझी. आणि माझ्या हातचं डोकं बाहेर पडायच्या आधी तिने डावीकडून एकदा बघायचं."

"आणि तिला काही खटकलं तर?"

"तर सांगायचं मला," फाइके म्हणाला. "मी आधी भांडेन. मग बघेन."