हारूनचे दोन ठोके

भूतखेत, करणी, साक्षात्कार – यातलं मला काहीच पटत नाही. श्रीरामपूरला मार्केट यार्डाच्या मागे माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मीटरवर दिसेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. तरी हे लिहितोय...

माझा मोठा भाऊ हारून वीजटॉवरच्या लाइनवरचा कामगार. पूर्वी आम्ही दोघं एकाच गँगमध्ये होतो – तो वर, मी खाली दोर धरून. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून तो पान्याने लोखंडावर ठोके द्यायचा. तीन म्हणजे दोर सोड. दोन म्हणजे धरून ठेव, मी अजून वरच आहे. ही खूण आम्हा दोघांचीच.

पुढे माझा पाय मोडला आणि मी दुकान टाकलं. तो गेला आफ्रिकेत, वाळवंटाकडच्या टोळ्यांच्या मुलखात. सरकार तिथे नावालाच. गेल्या वर्षी धर्माचं नाव घेणाऱ्या बंदूकवाल्यांनी साइटवरून त्याला आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या पाथर्डीच्या भाऊसाहेबाला उचलून नेलं. कंपनी म्हणाली, बोलणी चालू आहेत. शेजारचा टपरीवाला म्हणाला, "तुमचेच लोक हायेत ना ते? सोडतील की!" असा संताप आला... पाच वेळा नमाज पढणाऱ्या माझ्या भावालाच तर नेलं होतं त्यांनी!

महिनाभराने एका शुक्रवारी नमाजहून येऊन दुकान उघडलं. लाइट गेलेली, सगळं शांत. आणि शेडच्या लोखंडी खांबावर ठोके पडले. दोन. हात लावला तर खांब थरथरत होता. बाहेर कुणीच नाही. मागच्या खोलीतून अम्मीने विचारलं, "हारून आला का रे?"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

नंतर भाऊसाहेब एकटाच सुटून आला. मी पाथर्डीला त्याच्या घरी गेलो. ठोक्यांचं मी काढलंच नव्हतं, तोच सांगू लागला, "शुक्रवार हुता, सकाळची येळ. हारूनभाईला एकट्याला गाडीत घातलं. जाता जाता त्यानं हातातल्या साखळीनं पत्र्याच्या पिंपावर दोनदा वाजिवलं. म्या लई इचार केला, पन कशाची खूण ते कळलं न्हाई."

तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. दिवस मोजून पाहिले, तोच शुक्रवार निघाला.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. हारूनची खबर नाही. कंपनीला फोन लावला की 'थांबा' म्हणतात. भाऊ सांगून गेलाय, धरून ठेव... मी खाली उभा आहेच. पण या वेळी माझ्या हातात दोरच नाही.