हिराक्का उठल्या ती दुपार

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं, स्नायू, नसा यांच्यापलीकडे माझं डोकं कधी गेलं नाही. घरी कुणी दृष्ट काढायला लागलं तर मी हसायचे. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं...

चाकण–आळंदी रस्त्यावर, गोदामांच्या मागे एक छोटा वृद्धाश्रम आहे. चिंचवडहून स्कूटीवर मी आठवड्यातून तीनदा तिथे जाते. तळमजल्यावर हॉल, बाहेर व्हरांडा. आतल्या खुर्च्यांपासून तिथपर्यंत बावीस पावलं. माझ्या पेशंट्सना तेवढं चालवणं हेच माझं काम.

त्यातल्या हिराक्का मोशीकडच्या शेतकरी घरातल्या. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं, पण भीती काही जाईना. वॉकर धरून उभ्या राहिल्या की पाय लटपटायचे. "पोरी, जिमीन हलतीया गं!" चार पावलांच्या पुढे त्या कधी गेल्या नाहीत. गायकवाड काकांचं वेगळं. तीस वर्षं कंपनीत मशीनपुढे उभं राहून दोन्ही गुडघे गेलेले. "मॅडम, उद्या करू ना," हे रोजचं.

त्या मंगळवारी दुपारी चारला हॉलमध्ये सहा जण बसले होते. मी जमिनीवर बसून काकांच्या गुडघ्याला शेक देत होते. मदतनीस रेखाताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या.

अचानक हिराक्का म्हणाल्या, "थांबलं."

"काय थांबलं, आक्का?"

"दुखायचं. पार थांबलं बघ."

काकांनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. "अरे... माझं पण."

आणि हिराक्का उठल्या. वॉकरला हातसुद्धा न लावता! त्यांच्यामागे काका. मग बाकीच्या चौघी — एक तर व्हीलचेअरमधून. मी ओरडायला हवं होतं, "बसा, पडाल!" पण तोंडातून आवाजच फुटेना. भीती अशी वाटली नाही. कुणीतरी मोठं माणूस खोलीत आल्यावर आपण नकळत गप्प होतो ना, तसं काहीसं.

सहाही जण ताठ पाठीनं चालत होते. चपलांचा आवाज तेवढा येत होता. मी उठले आणि दोन हात अंतर ठेवून मागोमाग गेले.

व्हरांड्यात सगळे बाकांवर टेकले. क्षणभरानं हिराक्का कळवळल्या, "आई गं!" आणि त्यांनी खुबा धरला. काका गुडघा दाबत कण्हायला लागले. सगळ्यांचं दुखणं एकदमच परत आलं.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. दारातून पांढरी धूळ बाहेर आली. हॉलच्या छताचं प्लास्टर पंख्यासकट कोसळलं होतं, नेमकं त्या सहा खुर्च्यांवर. दोन खुर्च्यांचा तर चेंदामेंदा झाला होता. रेखाताई चहाचं भांडं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

नंतर इंजिनिअर म्हणाला, वरच्या मजल्यावरून ओल झिरपत होती, पण खालून काहीच दिसलं नसतं. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना बारीक हादरे जाणवत असतील. असतीलही. पण सहा जणांचं दुखणं एकाच क्षणी थांबलं, ते कसं?

गुरुवारी मी हिराक्कांना वॉकर दिला. तिसऱ्याच पावलाला त्यांनी माझं मनगट करकचून धरलं.

"आक्का, परवा तर एकट्या चाललात की!"

"एकटी कुटं? तूच व्हतीस की. बगलंत हात घालून नेलंस मला."

"मी मागे होते, आक्का. मी हात नाही लावला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "न्हाई गं पोरी. तुजाच हात व्हता. गरम."

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हीच धरलं होतं ना, मॅडम?" मग मी त्या चौघींना एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. प्रत्येकीनं हेच सांगितलं. बावीसही पावलं मी तिच्या शेजारी होते म्हणे.

त्या वेळी चालताना मी त्यांच्यापैकी एकालाही स्पर्श केला नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकते. बाकी काहीच मला सांगता येत नाही... अजूनही नाही.