पिंपाची कड

मला मूळव्याध होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. लढाईची वर्षं होती. मी बेळगावात एका शाळेत गणित शिकवत होतो आणि लाकडी खुर्चीवर बसून बसून माझी ती जागा कामातून गेली होती. बोरगावच्या एका वैद्यांनी रोज सकाळी अर्धा तास कमरेपर्यंत गार पाण्यात बसायला सांगितलं. कशात बसायचं, ते सांगितलं नाही.

लढाईमुळे बाजारात टब मिळेना. घरच्या घंगाळात मी मावेना. शेवटी लोंढ्याच्या स्टेशनात नोकरीला असलेल्या मेहुण्यानं तेलाचं एक रिकामं पिंप पाठवून दिलं. ते मधोमध आडवं कापलं की झालं, असं मला वाटलं. मी दोरीनं परीघ मोजला, खडूनं रेघ ओढली आणि छिन्नी-हातोडा घेऊन परसात लागलो. दोन रविवार आमच्या गल्लीत कुणाला दुपारची झोप मिळाली नाही.

कापलेली कड करवतीसारखी दिसत होती. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा गुंजीहून आमच्याकडे आली होती. आमचं घर शेतकऱ्याचं. मी शिकून शहरात आलो, ती शेतातच राहिली. विळे-कोयते पाजळण्यात तिचा जन्म गेलेला. तिनं लांबूनच कडेवरून नजर फिरवली.

"ह्यात बसणार हैस व्हय?"

"बसायचं म्हणूनच केलंय की."

"मग आधी कानशीनं घास रं. लई धार हाय."

मी म्हटलं, हातोड्यानं कड ठोकलीय, वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळणार आहे. माझी बायको एवढंच म्हणाली, "दोन पट्ट्या गुंडाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपात पाणी भरलं आणि उतरलो. पहिली दहा मिनिटं स्वर्ग होता. मग लुगडं भिजून ढिलं झालं आणि सरकलं. मी उठायला म्हणून मागं रेललो, तोच कडेनं मला धरलं. कुठं, ते सांगायला नको. पुढं सरकलो तरी रुतायची, मागं सरकलो तरी रुतायची. बोंब मारायची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे शेजारचे वकीलसाहेब दात घासत होते. मी अगदी सभ्य आवाजात बायकोला हाक मारली. ती आली आणि तिच्या मागोमाग आक्काही आली. दोघींनी काखेत हात घालून मला उचललं. तशा अवस्थेत थोरल्या बहिणीसमोर उभं राहताना पदवीचा काडीचा उपयोग होत नाही.

"अहो आक्का, तुम्ही जावा आत," मी लाजेनं चक्क अहोजाहो केलं.

"गप हुबा ऱ्हा. ल्हानपणी मीच धुतलंय तुला," म्हणत तिनं जखमेवर हळद दाबली.

आठ-दहा दिवस मला बसता येईना. वर्गात उभ्यानं शिकवलं, चहा उभ्यानं प्यालो. हेडमास्तरांनी सगळ्या मास्तरांसमोर माझ्या तळमळीचं कौतुक केलं. तेही उभ्यानंच ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी आक्कानं लोहाराकडून कानस आणवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी घासायला लागलो तशी म्हणाली, "भांडी घासाय लागलायस व्हय? फुडं ढकलताना दाब, मागं येताना उचल." तासाभरानं कड बाहेरून छान गुळगुळीत झाली. मी मोठ्या ऐटीत तिला दाखवली. तिनं माझं बोट धरून हळूच आतल्या बाजूला लावलं. बाहेरून घासलेल्या पत्र्याची बारीक कुसळं सगळी आत वळून बसली होती. मग आतून घासलं. आतून घासल्यावर थोडी परत बाहेर आली. ती हलक्या हातानं काढली, वरून पॉलिश कागद फिरवला. शेवटी आक्कानं कापसाचा एक बोळा माझ्या हातात दिला.

"कडंवरनं फिरव. जिथं ह्यो अडकंल, तिथं तूबी अडकशील."

पहिल्या फेरीत तो चार ठिकाणी अडकला. ती ठिकाणं पुन्हा घासली. संध्याकाळपर्यंत बोळा तुपावरून फिरावा तसा फिरला. आक्का "आता बस" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गुंजीला निघून गेली.

मी बसू लागलो. मूळव्याध बरी झाली असं म्हणवत नाही, पण खुर्चीशी पुन्हा बोलणं सुरू झालं.

एका सकाळी वकीलसाहेबांनी भिंतीवरून मान काढली. "मास्तर, आमच्या एका पक्षकाराला जरा त्रास आहे. तुमचं ते पिंप चार दिवस मिळेल काय?"

"पक्षकाराची उंची किती?" मी विचारलं. "कमी असेल तर खाली पाट घालावा लागेल."

"साधारण माझ्याएवढाच आहे."

आम्ही दोघांनी मिळून पिंप भिंतीवरून पलीकडे उतरवलं. महिन्यानं ते घासूनपुसून परत आलं, सोबत आंब्यांची एक टोपली. पक्षकाराला गुण आला का, असं मी विचारलं.

"निकाल अजून राखून ठेवलाय," वकीलसाहेब म्हणाले आणि फार सावकाश पावलं टाकत कोर्टाला गेले.