सिमेंटच्या पोत्यांची चटई
ओल्या बारदानाचा वास आला की मला कुरुद गावाच्या बाजूची आमची झोपडी आठवते. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा भंडाऱ्याकडची शेती सोडून तिथे लोखंडी गर्डर चढवायच्या कामावर लागले होते आणि माय तिथेच डोक्यावरून गिट्टी, म्हणजे खडी, वाहायची. बाबांच्या मुकादमाला योगाचा नाद होता. रोज सकाळी तो आमच्या अंगणात येऊन बाबांकडून आसनं करून घ्यायचा. त्या आसनांनी बाबांची पाठ मोकळी झाली, झोप लागू लागली, आमच्या अंगावर धावून येणंही थांबलं. त्यांच्यासाठी मायनं सिमेंटची रिकामी पोती धुऊन, शिवून चटई केली होती. एकदा आसनं झाल्यावर बाबा तोंड धुवायला उठले, तशी ती हळूच चटईवर बसली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. तेवढ्यात बाबा परतले. "कावून वं, चूल कोन पेटवन?" "कंबर लय दुखून राहिली जी, म्हणून बसली." "तुले कायले पाह्यजे योग? दिवसभर गिट्टी उचलते, तोच तुया योग!" मुकादमही हसला. मायनं उठून चटई झटकली, घडी घातली आणि चुलीपाशी गेली. बाबा म्हातारपणीही ताठ चालायचे. माय चाळिशीतच वाकली. आता मीही रोज आसनं करते, कंबर ठणठणीत आहे. कुठून शिकलात, असं कोणी विचारलं की बाबांकडून, असं सांगते. त्या सकाळी सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते, ते सांगत नाही.